भिंतीवरचं चित्र आणि सामाजिक मेसेज: आम्हाला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आम्ही पाच-सहा जण सुट्टीच्या दिवशी भिंती रंगवतो. परांचीवर चढलं की खाली कोणीतरी उभं राहतंच आणि प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. जिथे आम्ही स्वतः तोंडावर आपटलोय ती उत्तरं जरा लांबली आहेत, चालवून घ्या.

स्ट्रीट आर्ट, ग्राफिटी, म्युरल हे सगळं एकच ना?

बोलताना लोक एकच म्हणतात आणि त्याने काही फार बिघडत नाही. पण ग्राफिटी म्हणजे मुळात आपलं नाव लिहिणं, आपली अक्षरं, आपली स्टाईल, आणि ती धड वाचता येणारे बहुतेक दुसरे ग्राफिटीवालेच असतात. म्युरल म्हणजे मोठं भित्तिचित्र, सहसा परवानगी घेऊन, परांची बांधून, आठवडा-आठवडा खपून केलेलं. आणि स्ट्रीट आर्ट हा मोठा डबा झाला, त्यात स्टेन्सिल (कापलेल्या साच्यावरून मारलेलं चित्र), खळीने चिकटवलेले कागद, स्टिकर, फुटपाथच्या कोपऱ्यात ठेवलेली बोटभर बाहुली, सगळं मावतं.

मेसेजच द्यायचाय तर भिंत कशाला? मोबाईलवर टाकलं तर जास्त लोक बघतील की.

बघतील, पण कोण बघतील? ज्यांना आधीच पटलंय तेच. भिंतीला फॉलोअर नसतात. तुमचं म्हणणं ज्याला अजिबात मान्य नाही त्यालाही रोज त्याच रस्त्याने जायचं असतं आणि रोज ते बघायचं असतं, म्यूट करायची सोय नाही.

दुसरं म्हणजे वेळ. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये हायवेला लागून एक हँडबॉल कोर्ट आहे, त्याच्या भिंतीवर किथ हॅरिंग या चित्रकाराने १९८६ मध्ये भडक नारिंगी रंगात 'क्रॅक इज वॅक' लिहिलं, म्हणजे साधारण 'क्रॅक म्हणजे फालतूपणा'. तेव्हा त्या शहरात क्रॅक नावाच्या स्वस्त कोकेनने पोरं उद्ध्वस्त होत होती, त्याच्या स्टुडिओत काम करणारा एक जणही त्यात अडकला होता. हॅरिंगने परवानगी घेतली नव्हती, दंड झाला, ते चित्र पुसलं पण गेलं, आणि मग त्याच वर्षी त्याच भिंतीवर पार्क खात्याच्या संमतीने त्याने परत काढलं. ते आजही आहे. गाडीतून जाणाऱ्या माणसाला बघायला तीन-चार सेकंद मिळतात आणि तेवढ्यात ते पूर्ण पोचतं, हे बघून शिकण्यासारखं आहे.

मग काय, चांगलं घोषवाक्य शोधायचं, भिंतीवर लिहायचं, झालं?

नाही हो. हीच सगळ्यात मोठी चूक आणि आम्ही ती मनापासून केलीय.

दोन हातांच्या ओंजळीत पृथ्वी, वर एक रोपटं, खाली 'झाडे लावा', हे चित्र तुम्ही किती वेळा पाहिलंय? आता त्यातलं एक तरी नीट आठवतंय का? डोळ्याला सवय झाली की डोळा ते गाळून टाकतो. आणि घोषवाक्य म्हणजे हुकूम असतो, हे करा, ते करू नका, माणूस हुकूम वाचतो आणि पुढे जातो.

आमचं सांगतो. सुरुवातीला आम्ही एका लांब भिंतीवर 'पाणी वाचवा' केलं. मोठा नळ, त्यातून पडणारा शेवटचा थेंब, थेंबात बाळ, सगळा मसाला. तीन दिवस राबलो. भिंतीच्या आत एक पाइप गळत होता हे आम्हाला माहीतच नाही, कोपऱ्यात थोडी ओल दिसली होती पण म्हटलं वाळेल. दोन महिन्यांत बरोबर त्या नळाखाली रंगाला फुगे आले, मग पोपडे सुटले, आणि बाळाचा चेहरा आख्खा खाली पडला. येणारे-जाणारे फोटो काढून हसायचे, 'पाणी वाचवा' आणि खाली भिंत गळतेय! राग आला तेव्हा. पण खरं सांगू का, त्या भिंतीकडे लोकांनी पहिल्यांदा नीट बघितलं ते तेव्हाच, आणि पाइपही त्यानंतरच दुरुस्त झाला. आम्ही तीन दिवस जे बोलायचा प्रयत्न करत होतो ते भिंत आमच्यापेक्षा चांगलं बोलली. गळणाऱ्या जागेवर एक बाण आणि तारीख टाकली असती तरी पुरलं असतं. तेव्हापासून आम्ही आधी जागा बघतो आणि मग चित्र ठरवतो, उलटं नाही.

जागेने खरंच एवढा फरक पडतो?

आमच्या मते अर्धं काम जागाच करते, म्हणून जरा सविस्तर.

ब्राझीलमधलं साओ पावलो, २००६. अलेक्झांद्रे ओरियॉन नावाचा कलाकार रात्री मोटारींच्या एका बोगद्यात जाऊन चिंध्यांनी भिंत पुसायचा. रंग नाही, ब्रश नाही. भिंतीवर गाड्यांच्या धुराची जाड काजळी बसलेली, ती पुसली की खालचा उजळ भाग दिसतो, आणि हा पठ्ठ्या पुसायचा कवटीच्या आकारात. एकीशेजारी एक अशा साडेतीन हजारांवर कवट्या झाल्या. पोलीस आले, पण पकडणार कशाबद्दल? भिंत पुसणं हा काही गुन्हा नाही. मग पालिकेची माणसं पाणी घेऊन आली आणि त्यांनी धुतला तो फक्त कवट्यांचा भाग, बाकीची काजळी तशीच! हा परत पुढे पुसायला लागला, शेवटी आख्खा बोगदा धुवावा लागला, आणि मग शहरातले दुसरे बोगदेही. मळकी फडकी धुऊन त्यातून निघालेल्या काजळीचा त्याने पुढे रंग म्हणून वापर केला ते वेगळंच. आता विचार करा, याच कवट्या एखाद्या स्वच्छ पांढऱ्या भिंतीवर काळ्या रंगात काढल्या असत्या तर? नुसतं भुताचं चित्र झालं असतं. इथे काजळी हाच पुरावा आणि तोच कागद.

बर्लिनची भिंत घ्या, कम्युनिस्ट पूर्व बर्लिन आणि पश्चिम बर्लिन वेगळं ठेवणारी. ती उभी होती तोवर तिची पश्चिमेकडची बाजू चित्रांनी भरलेली आणि पूर्वेकडची कोरी, कारण पूर्वेकडून तिच्याजवळ गेलं तर गोळी खायची. म्हणजे काय काढलंय हे बघायच्या आधी कुठल्या बाजूला काढलंय यावरूनच सगळं कळायचं. १९८९ ला भिंत उघडली आणि १९९० मध्ये २१ देशांतल्या ११८ कलाकारांनी उरलेल्या जवळजवळ १.३ किलोमीटरवर चित्रं काढली, ती पूर्वेकडच्या बाजूला. तिकडून रंग लावता येतोय हीच बातमी होती.

आणि एक माझं लाडकं उदाहरण. फ्रेंच कलाकार जेआर, केनियातली किबेरा वस्ती, २००९. तिथल्या बायकांच्या चेहऱ्यांचे आणि डोळ्यांचे फोटो त्याने घरांच्या पत्र्यांवर लावले, वरून बघितलं की आख्खी वस्ती तुमच्याकडे बघतेय असं वाटतं. वस्तीतून रेल्वे जाते. त्याने डब्यांवर डोळे लावले आणि रुळाखालच्या उतारावर त्याच चेहऱ्यांचे खालचे भाग, नाक-तोंड, म्हणजे गाडी आली की क्षणभर चेहरा पूर्ण होतो आणि गाडी गेली की परत अर्धा. पण मला जास्त आवडतं ते वेगळंच, छपरांवर त्याने कागद न लावता पाणी आत न सोडणारं मटेरियल लावलं, त्यामुळे पावसात ते छप्पर म्हणून पण उपयोगी पडलं. ज्यांचे फोटो काढले त्यांना चित्रातून काहीतरी हातात मिळालं, नुसती प्रसिद्धी नाही.

शब्द किती वापरायचे? अक्षर केवढं काढायचं?

शक्यतो कमी. चालत्या रस्त्यावर पाच-सहा शब्दांपुढे कोणी जात नाही, बसस्टॉपसमोरची भिंत असेल तर मात्र चार ओळी पण वाचल्या जातात कारण माणूस तिथे अडकलेलाच असतो. अक्षराच्या उंचीसाठी बोर्ड रंगवणाऱ्यांचा एक ठोकताळा आहे, वाचणारा जितका लांब त्याच्या दर १० फुटांमागे १ इंच उंची. म्हणजे रस्त्याच्या पलीकडून, ५० फुटांवरून वाचायचं तर अक्षर ५ इंचांचं तरी हवं, आणि देवनागरीत वर मात्रा, खाली उकार असतात म्हणून आम्ही त्याहून थोडं मोठंच धरतो. जोडाक्षरं लांबून गिचमिड दिसतात, टाळता आली तर टाळा.

एका शब्दातही भागतं. इजिप्तमध्ये २०११ च्या उठावानंतर बहिया शिहाब या कलाकार बाईंनी कैरोच्या भिंतींवर 'नाही' हा एकच शब्द स्टेन्सिलने मारला. अरबी लिपीत 'नाही' लिहायच्या हजार जुन्या तऱ्हा त्यांनी आधी एका प्रदर्शनासाठी गोळा केल्या होत्या, मशिदींवरून, भांड्यांवरून, हस्तलिखितांतून, मग त्याच तऱ्हा रस्त्यावर आल्या. लष्करी राजवटीला नाही, हिंसेला नाही. शब्द तोच, दरवेळी त्याच्यापुढे जोडलेली गोष्ट नवी.

लोकांनी भलताच अर्थ काढला तर?

काढतात. २०१४ मध्ये इंग्लंडमधल्या क्लॅक्टन-ऑन-सी या समुद्रकाठच्या गावात बॅन्क्सी या ओळख लपवून काम करणाऱ्या कलाकाराने एक चित्र काढलं. तारेवर पाच मळकट कबुतरं, हातात पाट्या, 'स्थलांतरितांना इथे जागा नाही', 'आफ्रिकेत परत जा' आणि 'आमच्या किड्यांपासून लांब राहा'. आणि त्यांच्यापासून लांब, त्याच तारेवर, एकटाच बसलेला हिरवा छोटा पक्षी. टोमणा उघड आहे, किडे खाणारी कबुतरं मालकी सांगतायत. पण कौन्सिलकडे, म्हणजे तिथल्या पालिकेकडे, तक्रार गेली की हे वंशद्वेषी चित्र आहे, आणि त्यांनी ते पुसून टाकलं, कोणाचं आहे हे त्यांना नंतर कळलं. उपहासात हा धोका कायम असतो, ज्याची खिल्ली उडवताय त्याचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं की अर्ध्या लोकांना ते तुमचंच वाक्य वाटतं.

उलटंही होतं. इसाक कोर्डाल या स्पॅनिश कलाकाराने २०११ मध्ये बर्लिनमध्ये डबक्यात बुडालेली सिमेंटची छोटी छोटी माणसं मांडली, कोट घातलेली, टक्कल पडलेली. त्याने नाव दिलं होतं वेगळं, 'फॉलो द लीडर्स'. इंटरनेटवर लोकांनी त्या फोटोखाली लिहिलं 'हवामान बदलावर चर्चा करणारे राजकारणी' आणि आता जगभर ते त्याच नावाने फिरतं. लोकांनी दिलेलं नाव जास्त चिकटलं, त्यात वाईट वाटून घ्यायचं काय?

आमचा साधा उपाय म्हणजे स्केच झालं की त्या गल्लीतल्या चार जणांना दाखवायचं आणि 'आवडलं का' असं विचारायचंच नाही, 'यात काय चाललंय' एवढंच विचारायचं. मुलं सगळ्यात खरं सांगतात.

दुसऱ्याच्या दुःखावर चित्र काढायचा आपल्याला हक्क आहे का?

अवघड आहे हे, पक्कं उत्तर नाही. पण एक पद्धत पटते. तात्याना फाझलालिझादेह या चित्रकर्तीने २०१२ मध्ये ब्रुकलिनमध्ये रस्त्यावरच्या छेडछाडीवर काम सुरू केलं. आधी बायकांशी बोलायचं, मग त्याच बाईचं पेन्सिलने पोर्ट्रेट, आणि खाली तिला छेडणाऱ्याला जे म्हणायचंय ते वाक्य. ते कागद खळीने भिंतींवर, जिथे हे प्रकार घडतात तिथेच. मालिकेचं नावच 'बायकांना हसायला सांगणं थांबवा' अशा अर्थाचं. त्यात रडणारी, तोंड लपवलेली कोणी नाही, सगळ्या सरळ तुमच्या डोळ्यात बघतायत. आपल्याकडे अशा विषयावर चित्र म्हटलं की पहिल्यांदा गुडघ्यात डोकं घातलेली बाई निघते कागदावर, आमच्याही वहीत निघाली होती. ज्याची गोष्ट आहे त्यालाच दाखवलं असतं तर पहिल्याच फटक्यात खोडली गेली असती.

परवानगी लागते का?

लागते. भिंतीच्या मालकाची, आणि सार्वजनिक भिंत असेल तर ती ज्या खात्याची आहे त्याची. तोंडी नको, कागदावर घ्या, आणि चित्र किती वर्षं ठेवायचं हे त्यातच लिहून घ्या. परवानगी न घेता करणाऱ्यांची मोठी परंपरा आहे, वर अर्धी उदाहरणं त्यांचीच दिलीत, नाकारत नाही. पण त्याची किंमत कधीकधी भयानक असते. कोलंबियाची राजधानी बोगोटामध्ये २०११ साली ग्राफिटी काढणारा १६ वर्षांचा मुलगा पोलिसाच्या गोळीने गेला. एवढा संताप उसळला त्यावर की शहराला ग्राफिटीबद्दलचे नियमच बदलावे लागले. आमच्याबरोबर शाळकरी मुलं असतात, म्हणून आम्ही कागदाशिवाय ब्रश उघडत नाही.

पैसे देणारा म्हणतोय एवढं एक बदला. बदलायचं का?

काय बदलायला सांगतोय त्यावर आहे. रंग थोडा फिका करा म्हणाला तर भांडू नका. पण मूळ म्हणणंच काढा म्हणत असेल तर ते सुरुवातीलाच कळायला हवं होतं, म्हणून फायनल स्केचवर दोघांच्या सह्या घ्यायच्या.

मेक्सिकोचा चित्रकार दिएगो रिवेराचा किस्सा माहीत असेलच. १९३३, न्यूयॉर्कचं रॉकफेलर सेंटर, भांडवलदाराच्या इमारतीत भित्तिचित्र चाललेलं आणि याने त्यात कम्युनिस्ट नेता लेनिन घातला. मालक म्हणाले लेनिन पुसा, हा ऐकेना, म्हणाला पाहिजे तर शेजारी लिंकन काढतो. त्यांनी ठरलेले सगळे पैसे हातात ठेवले, कामावरून काढलं, चित्र झाकलं आणि १९३४ च्या फेब्रुवारीत फोडून टाकलं. रिवेराने तेच चित्र मेक्सिको सिटीत परत काढलं. म्हणजे पैसे पूर्ण मिळाले तरी भिंत तुमची होत नाही.

लोगोबद्दल आमचं मत विचाराल तर खाली कोपऱ्यात तळहाताएवढा ठीक. त्याहून मोठा झाला की लोक चित्राला जाहिरात म्हणूनच वाचतात, मग आत कितीही कळकळ असो.

आणि सरकारनेच रंगवलं तर?

चांगलं काम होऊ शकतं, पण ज्याने काढलं तोच पुसूही शकतो. वॉशिंग्टनमध्ये व्हाइट हाउससमोरच्या रस्त्यावर जून २०२० मध्ये शहर प्रशासनाने 'ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर', म्हणजे 'कृष्णवर्णीयांच्या जिवालाही किंमत आहे', ही पिवळी अक्षरं एवढी मोठी काढली की ती वरून दिसायची. मार्च २०२५ मध्ये त्याच प्रशासनाने वरून दबाव आल्यावर ती उखडायला घेतली.

खरं सांगा, चित्राने काही बदलतं का?

नुसत्या चित्राने? फार कमी. बोगदा धुतला गेला, आमचा पाइप दुरुस्त झाला, असल्या छोट्या गोष्टी. दारू, हिंसा, जात, प्रदूषण हे रंगाने जाणार नाही आणि तसं कोणी सांगत असेल तर तो निधी मागतोय असं समजा. पण एक फायदा आम्ही डोळ्याने बघितलाय, रंगवताना गर्दी जमते आणि त्या आठवड्यात जे बोलणं होतं ते एरवी होत नाही. अमेरिकेत फिलाडेल्फियात १९८४ मध्ये ग्राफिटी बंद करायची म्हणून मोहीम निघाली आणि ग्राफिटीवाल्या पोरांनाच म्युरल काढायला लावलं, त्यातून शहराचा मोठा म्युरल प्रकल्प उभा राहिला. तिथेही खरं काम पोरांसोबत घालवलेल्या दिवसांचं.

भिंती सुंदर झाल्या की एरिया महाग होतो आणि तिथलेच लोक बाहेर जातात म्हणे?

होतं असं. ब्लू नावाच्या इटालियन कलाकाराची बर्लिनच्या क्रॉइत्सबर्गमध्ये दोन प्रचंड म्युरल्स होती, शहराची ओळख झालेली. शेजारच्या मोकळ्या जागेवर लोक झोपड्या करून राहत होते, त्यांना उठवलं आणि बांधकामाची तयारी सुरू झाली, फ्लॅट विकणार खिडकीतून दिसणाऱ्या म्युरलच्या नावावर. डिसेंबर २०१४ मध्ये त्याच्याच संमतीने त्याच्या सोबत्यांनी एका रात्रीत दोन्ही काळ्या रंगाने बुजवली. मला विचाराल तर तो काळा रंग हेच त्या भिंतीवरचं सगळ्यात नेमकं वाक्य होतं.

भिंत तयार कशी करायची?

यात आळस केला तर वरचं सगळं वाया, आमचं बाळ आठवा. नवीन प्लास्टर असेल तर महिनाभर थांबा. ओल आहे का बघायला दीड फुटाचा प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेप लावून भिंतीवर रात्रभर ठेवायचा, सकाळी आतून पाणी धरलेलं दिसलं तर काम थांबवा. जुने पोपडे खरवडायचे, घासायचे, धुवायचे, वाळू द्यायचं, मग बाहेरच्या भिंतीचा प्रायमर, मग बाहेरचा अॅक्रिलिक रंग. भडक गुलाबी आणि काही लाल-पिवळे उन्हात लवकर उडतात, गेरूच्या जातीचे तांबडे-पिवळे वर्षानुवर्षं राहतात, म्हणून मुख्य मेसेज उडणाऱ्या रंगात काढू नका. स्प्रे मारताना कापडी मास्क काही कामाचा नाही, फिल्टरवाला लागतो.

स्केच मोठं करायला आधी चौकटी आखायचो, आता भिंतीवर वाटेल तशा खुणा, आकडे, रेघोट्या काढतो, त्याचा फोटो काढतो आणि मोबाईलवर त्या फोटोवर स्केच ठेवतो, मग कुठल्या रेघोटीजवळ कान येतो ते बघून काढत जायचं. आणि कागद चिकटवायचे असतील तर एक वाटी मैदा, चार वाट्या पाणी, गुठळ्या मोडून पारदर्शक होईस्तोवर शिजवायचं, झाली खळ.

कोणी पुसलं तर काय करायचं?

आधी परवानगीचा कागद काढून बघा. न्यूयॉर्कमध्ये फाइव्ह पॉइंट्झ नावाची जुनी फॅक्टरी होती, मालकाच्या संमतीने कलाकारांनी वर्षानुवर्षं रंगवलेली, त्याने नोव्हेंबर २०१३ मध्ये रातोरात पांढरा रंग मारला. कलाकार कोर्टात गेले आणि २०१८ मध्ये २१ जणांना मिळून ६७.५ लाख डॉलरची भरपाई मंजूर झाली, कारण तिथे १९९० चा असा कायदा आहे की नावाजलेलं चित्र उगाच नष्ट करता येत नाही. सगळीकडे असा कायदा नाही.

बाकी पुसलं जाणारच हे धरून चाला. बर्लिनच्या भिंतीवरची चित्रंसुद्धा खराब झाली म्हणून २००९ मध्ये पुसून त्याच कलाकारांना परत काढायला बोलावलं होतं. म्हणून काम संपलं त्याच दिवशी फोटो काढायचा, समोरून, सकाळच्या मऊ उजेडात, आणि एक फोटो असा की त्यात रस्ता, खांब, समोरून जाणारी माणसं येतील. आमच्या बाळाचा पडायच्या आधीचा फोटो आमच्याकडे एकच आहे, त्यातही अर्ध्या भिंतीवर परांचीची सावली आहे.